कुणाचं आहे हो हे?

रस्त्यात एखादी वस्तू सापडली, की आपल्याकडचा माणूस आधी इकडेतिकडे पाहतो आणि मग आवाज चढवून विचारतो, "कुणाचं आहे हो हे?" शंभराची नोट असेल तर आवाज जरा खालच्या पट्टीत लागतो, ही गोष्ट वेगळी, पण विचारतो. लहान मुलाचा एकच बूट सापडला तर तो उचलून जवळच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवतो. तो बूट दोन-दोन महिने तिथं बसून असतो. ऊन खातो, पाऊस पितो, पण त्याला कुणी हात लावत नाही. कारण तो कुणाचा तरी आहे.

कलेच्या प्रांतात मात्र हा प्रश्न विचारायची पद्धत नाही. तिथं ज्याला सापडली त्याची वस्तू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या काही कलावंतांनी रंग-कुंचले बाजूला ठेवले आणि ते मोडक्यातोडक्या वस्तू जोडून कलाकृती करू लागले. मार्सेल द्युशाँनं 1913 साली स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं. पुढं 1915 साली तो अमेरिकेला गेला आणि मागं त्याच्या बहिणीनं खोली आवरताना ते चाक फेकून दिलं. आधुनिक कलेच्या इतिहासात ही बाई खलनायिका ठरत असेल. मला मात्र ती अगदी आपल्या घरातली वाटते. दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या माळ्यावरच्या कलेलाही असाच निरोप मिळतो.

हे सगळं पॅरिसलाच चालतं असं समजू नका. कर्जत-खालापुरात याची प्रदर्शनं बारमाही भरलेली असतात. फक्त त्यांना 'फार्महाऊस' म्हणतात. आगगाडीनं हा मुलूख मुंबईला जवळ होताच. 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि तो शनिवार-रविवारच्या टप्प्यात आला. आमच्या एका मित्राचं असंच एक घर कर्जतच्या पुढं आहे. दिवाणखान्यात छतापासून एक इरलं उलटं टांगलंय आणि त्यात दिवा सोडलाय. भाताची लावणी करताना डोक्या-पाठीवर घ्यायचं हे बांबूचं नि पानांचं छप्पर. इतकी वर्षं त्यानं पाऊस अडवला, आता उजेड अडवतं. उखळात मनीप्लँट आहे. बागेतल्या वाटेवर पाय ठेवायला जात्याचे दगड बसवलेत. आमच्या हिनं त्यांच्यावर पाय देण्याऐवजी शेजारच्या चिखलातून जाणं पसंत केलं.

फाटकाशी मुख्य कलाकृती आहे. बैलगाडीचं चाक, व्हार्निश लावलेलं. मित्र त्याच्यासमोर उभा राहून पाहुण्यांना आधुनिक कला समजावून देतो. मी मात्र त्या चाकाच्या भावाचा विचार करत होतो. चाक फिरत होतं तोवर सुतार उलट दुरुस्तीचे पैसे घ्यायचा. फिरेनासं झालं, की भंगारवाला त्याच्या लोखंडाचं वजन करतो आणि लाकूड सरपणात धरतो. आणि आता ते भिंतीला टेकून नुसतं उभं आहे, तर अॅन्टिक! काहीही न करण्याबद्दल सगळ्यांत जास्त भाव. हा नियम पेन्शनरांना लागू व्हावा, अशी माझी फार इच्छा आहे.

बागेला पाणी घालणारे एक म्हातारे गृहस्थ तिथं होते. मी सहज सवयीनं विचारलं, "मामा, कुणाचं हो हे चाक?"

"आमच्याच गाडीचं, साहेब."

एखाद्या नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसं त्यांनी सांगितलं. "उजव्या अंगाचं हाय. ह्ये दोन आरे नवे घातलेले, बघा, रंग येगळा दिसतो." मग त्यांनी मला धाव कशी चढवतात ते सांगितलं. चाकावरची ही लोखंडी पट्टी गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची. तापून ती फुगली, की लाकडावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि सगळे आरे गपकन जागच्या जागी बसतात. आमचा मित्र असेंब्लाज म्हणून जे समजावत होता ते याहून वेगळं काय असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

"मग विकलीत कशाला गाडी?"

"बैल गेले. पोरगा खोपोलीला कारखान्यात लागला. कोन हाकनार?"

"वाईट नाही वाटत, रोज पाहून?"

"वाईट काय वाटायचं? पैसे घेतले, इकली. पण साहेब, मालकांना एक इचारा ना. डावं कुठं गेलं?"

मी विचारलं. मित्र गोंधळला. चाकाला डावंही असतं, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

'सापडलेली वस्तू' या शब्दाची खोच इथं आहे. सापडणं ही नेहमी दुसऱ्या टोकाची हकिगत असते. पहिल्या टोकाला कुणीतरी ती टाकलेली असते, विकलेली असते किंवा हरवलेली असते. आणि या तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मामांवर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. ते स्वतःच म्हणत नाहीत. पण रीतसर पैसे मोजले म्हणून वस्तूची मागची सगळी वर्षंही आपल्या नावावर होतात का?

खालापूर तालुक्यातच इर्शाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्या मातीतली एखादी कळशी उद्या कुणी 'सापडली' म्हणून दिवाणखान्यात मांडली, तर तिचं कौतुक करायला आपली जीभ रेटणार नाही. तिथं आपल्याला न सांगता आठवतं, की ती कुणाची तरी आहे. चाकापाशी तेवढं मोठं दुःख नाही. पण प्रश्न तोच आहे.

म्हणून ही कला बंद करा, असं माझं म्हणणं नाही. चंदीगढला नेकचंद नावाचे रस्ते-निरीक्षक होते. फाळणीत गाव सुटून इकडे आलेले. नवं शहर वसवताना जुनी खेडी पाडली गेली. त्यांच्या ढिगाऱ्यांतून त्यांनी फुटक्या कपबश्या, फरश्या, बांगड्यांचे तुकडे गोळा केले आणि सरकारी जंगलात, सरकारच्या नकळत, वर्षानुवर्षं त्यांच्या मूर्ती घडवल्या. 1975 साली हा उद्योग उघडकीला आला आणि सरकारनं, आश्चर्य म्हणजे, तो पाडला नाही. 1976 साली 'रॉक गार्डन' लोकांना खुलं झालं. तिथल्या बायका काचेच्या बांगड्यांनीच मढवलेल्या आहेत आणि बांगडी बांगडी म्हणून ओळखू येते. कुणाच्या तरी हातातली होती, हे लपवलेलं नाही. स्वतःचं घर हरवलेला माणूस दुसऱ्याच्या घराचे तुकडे कसे उचलतो, ते तिथं दिसतं.

पिकासोनं 1942 साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं मुंडकं केलं. पुढं तो म्हणाला, की उद्या हे मुंडकं भंगारात गेलं आणि कुणाला तरी वाटलं, 'अरे, माझ्या सायकलला हे हँडल छान होईल,' तर काय मजा! हा माणूस मला पटला. त्यानं वस्तूला परत जायची वाट मोकळी ठेवली होती.

मी मित्राला सुचवलं, की चाकाखाली एक पाटी लाव: 'उजवं चाक. डावं कुणाला दिसल्यास कळवावे.' पाटीनं सगळा लूक जाईल, असं त्याचं मत पडलं. पाटी अजून लागलेली नाही. पण पाहुणे चाकाचं कौतुक करू लागले, की तो आता आपण होऊन सांगतो, "हे उजवं आहे बरं का."

आणि मग पाहुणे विचारतात, "डावं कुठाय?"