शनिवारी थांबणारा घाणा
नोहा त्याच्या पिढीत नीतिमान होता, असं तोरा हा यहुदी धर्मग्रंथ सांगतो. यहुदी भाष्यकारांचं इथे दुमत आहे: भ्रष्ट काळातही टिकला म्हणून तो थोर, की अब्राहामच्या काळात नगण्यच ठरला असता? मला पहिलं मत पटतं. पुरावा आपल्या कोकणात आहे. बेने इस्रायल या यहुदी समाजातले तेली पिढ्यान् पिढ्या धर्मग्रंथांवाचून राहिले, तरी शनिवारी घाणा बंद, बिनखवल्यांचे मासे वर्ज्य, ओठी शेमा ही प्रार्थना. म्हणून तर लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. कुणी म्हणेल, त्यांचे शेजारी कुठे भ्रष्ट होते? नव्हतेच, उलट प्रेमळ होते. पण निष्ठा छळापेक्षा सलोख्यात लवकर सैल होते. बरं, बेने इस्रायलांनी कुंपणही घातलं नाही, मराठीच बोलले. पुढे १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं.