राखेचं सिमेंट

कोरेगावजवळ वसना नदीच्या काठी दोन भाऊ शेजारी-शेजारी आल्याची शेती करत. एका उन्हाळ्यात दोघांनीही ठिबकसाठी काँक्रीटचे हौद बांधायला काढले. गवंडी एकच, खडी-वाळूही एकाच ट्रॉलीतली.

धाकटा म्हणाला, “दादा, तुझं पीपीसी म्हणजे वीज केंद्रातली राख मिसळलेलं सिमेंट. पैसे मोजून राख कशाला घ्यायची? मी त्रेपन्न ग्रेड आणलंय.”

साचे काढल्यावर गवंड्यानं खिळा ओढून पाहिला. धाकट्याची भिंत कडक होती, थोरल्याची जरा कच्ची. धाकट्यानं चौथ्या दिवशी पाणी मारणं थांबवलं. थोरला मात्र गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ भिंती भिजवत राहिला. वाटेनं जाणारे हसायचे, तरी त्यानं पुरते 14 दिवस नेम मोडला नाही.

काही वर्षांनी धाकट्याच्या हौदावर बाहेरून पांढरे ओघळ उमटले. मग पाणी झिरपू लागलं, आतली सळई गंजून फुगली आणि पोपडे निघाले. थोरल्याच्या भिंती कोरड्या ठणठणीत होत्या.

त्याच गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, “सिमेंट भिजलं की त्यातून चुना सुटतो. पाण्याबरोबर तो बाहेर आला, तेच हे ओघळ. आत बारीक वाटा मोकळ्या राहिल्या. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते, दोघांचा मिळून चिकट लगदा होतो आणि वाटा बुजतात. पण हे काम महिनोन्महिने चालतं, त्याला ओल लागते. दादांनी चौथ्या दिवशी पाणी तोडलं असतं, तर राख वाया गेली असती. आणि तुम्ही धीर धरला असता, तर तुमचाही हौद एवढ्या लवकर गेला नसता.”

आपले जुने गवंडी चुन्यात भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालत. त्यामागचं कारण हेच. अकोले तालुक्यातल्या घाटघर धरणाच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. राखेला कमी लेखणं चुकीचंच आहे, पण तिच्या भरवशावर पाण्यात कसूर करणं त्याहून वाईट.

पीपीसीत राख 15 ते 35 टक्के असते आणि तिचं प्रमाण गोणीवर छापलेलं असतं. वीटभट्टीची किंवा चुलीची राख आणून मात्र मिसळू नका, ती या कामाची नव्हे. पीपीसीच्या कामाला कोरड्या उन्हाळ्यात 14 दिवस ओल द्या, असं आयएस 456 हे भारतीय मानक सांगतं. यंदा हौद किंवा स्लॅब काढणार असाल, तर आधी तेवढ्या दिवसांच्या पाण्याची सोय करा आणि मगच गवंड्याला बोलवा.