न्हाव्याकडची शिकवणी

डमडमहून मेट्रोत बसलं की थेट पार्क स्ट्रीट. ऑफिस सुटल्यावर पन्नाशीतली माणसंही कोलकात्यात अशी फ्रेंचच्या वर्गाला जातात. या भागाचं फ्रेंचशी नातंही जुनं; हुगळीकाठी चंदननगर आहेच. 1950 पर्यंत तिथे फ्रेंचांचा कारभार होता आणि फ्रेंच गव्हर्नर डुप्लेच्या वाड्यात आजही ती भाषा शिकवतात.

पहिल्या वर्गात गंमत होते. खुर्ची स्त्रीलिंगी कशी, हे बंगाली शेजाऱ्याच्या पचनी पडत नाही. त्याच्या भाषेत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतच नाही. आपण मराठी माणसं तीन लिंगं सांभाळतो, तिथे दोनाची काय कथा! पण फ्रेंचचे नाकातले स्वर आले, की चंद्रबिंदूवर वाढलेला तोच शेजारी पुढे आणि आपण मागे.

खरी अडचण व्याकरणाची नसतेच. चारचौघांत बोबडं बोलायची लाज वाटते. ती न बाळगणाऱ्याचं उदाहरण म्हणजे न्यायमूर्ती रानडे. ते 1886 मध्ये वित्त समितीच्या कामासाठी कलकत्त्यात होते. वय चव्वेचाळीस, हुद्दा मोठा. त्यांनी बंगाली शिकायला घेतली आणि दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच उच्चार विचारू लागले. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. त्यांना तो प्रकार जरा कमीपणाचाच वाटला होता. रानड्यांनी त्यांना दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली.

आणि हो, पुढे रमाबाईही बंगाली शिकल्या. शिकवणारे अर्थात रानडेच.