'जसं' आणि 'जणू'

आजचं वाचन : मत्तय ६:७-१५ (प्रायश्चित्तकाळाचा पहिला आठवडा, मंगळवार)



आज शुभवर्तमानात प्रभूने शिकवलेली प्रार्थना आहे. ती आपल्याला इतकी पाठ आहे की म्हणताना डोकं रिकामं राहतं, आणि त्या रिकाम्या डोक्यात बहुतेक वेळा उद्याची मिटिंग सुरू असते. म्हणून आज ती जरा हळू वाचूया. लॅटिनमधून, आणि तेही व्याकरणाच्या वाटेने. पळू नका! शाळेतलं 'मिश्र वाक्य' आठवत असेल तर तेवढं पुरे आहे.

मिश्र वाक्यात एक मुख्य वाक्य असतं आणि त्याच्यावर टेकलेलं एखादं गौण वाक्य. "पाऊस आला तर" एवढंच बोलून तुम्ही गप्प बसलात तर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. ते गौण. "आम्ही येणार नाही" हे मात्र एकट्याने उभं राहू शकतं. ते मुख्य. लॅटिनमध्येही हेच. फक्त तिथे गौण वाक्य कुठल्या शब्दाने सुरू होतं आणि त्यातलं क्रियापद कुठल्या रूपात येतं, यावर अख्ख्या वाक्याचा अर्थ फिरतो.

गेली दोन वर्षं मी रात्री जेवणानंतर अर्धा तास लॅटिन शिकतोय. कारण साधं आहे. आमच्या वसईत आजोबांच्या पिढीने मिस्सा लॅटिनमध्येच ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ती मराठीत आली, पण आजोबांना 'पातेर नॉस्तेर' शेवटपर्यंत तोंडपाठ होतं. शब्दाशब्दाचा अर्थ त्यांना कुणी कधी सांगितला नव्हता. मला तो लावून बघायचा होता.

या प्रार्थनेत स्वतःचं क्रियापद असलेली गौण वाक्यं दोनच आहेत. पहिलं अगदी सुरुवातीला, 'क्वी' या शब्दाने सुरू होणारं. क्वी म्हणजे 'जो'. त्याच्यापुढचं क्रियापद आहे 'एस', म्हणजे 'तू आहेस'. म्हणजे "जो स्वर्गात आहे तो" असं तिऱ्हाइताबद्दल बोलणं नाही. "जो तू स्वर्गात आहेस" असं थेट तोंडावर बोलणं आहे. मराठीत आपण 'स्वर्गातील' असं विशेषण करून टाकतो. ते कानाला छान लागतं, पण त्या 'तू'वर पाणी सोडावं लागतं. असो.

मला थांबायचंय ते दुसऱ्यापाशी.

मुख्य वाक्य आहे 'दिमित्ते', म्हणजे सोड, जाऊ दे. आज्ञार्थ. काय सोड? तर 'देबिता', देणी, ऋणं. आणि त्याला जोडून येतं 'सिकुत', म्हणजे जसं. त्यातलं क्रियापद 'दिमित्तिमुस', आम्ही सोडतो.

आता गंमत बघा. लॅटिन क्रियापदाला गौण वाक्यात दोन अंगं असतात. जे खरोखर घडतं ते सांगायचं तर एक रूप. मराठी व्याकरणात याला 'स्वार्थ' म्हणतात. इथे स्वार्थ म्हणजे आपमतलबीपणा नव्हे, क्रियापदाचा स्वतःचा सरळ अर्थ. आणि हेतू, इच्छा, कल्पना सांगायची तर दुसरं रूप, आपल्या विध्यर्थाच्या जवळपास जाणारं. समजा प्रभूने इथे सिकुतच्या जागी 'उत' आणि ते दुसरं रूप दिलं असतं, तर अर्थ झाला असता : आम्ही इतरांना सोडावं म्हणून तू आम्हाला सोड. किती सोयीचं! आधी तू कर, मग आम्ही बघू. किंवा 'क्वासी' दिलं असतं, म्हणजे 'जणू' : जणू काही आम्ही सोडलंच आहे असं धरून चाल. क्वासीच्या मागे सहसा ते कल्पनेचं रूप येतं. हेही सोयीचंच.

पण तिथे सिकुत आहे, आणि दिमित्तिमुस स्वार्थात आहे. हेतू नाही, इच्छा नाही, जणू तर नाहीच. जसं आम्ही सोडतो. देवासमोर उभं राहून दिलेली एक माहिती, आणि ती खरी की खोटी हे त्याला ठाऊक आहे.

लूककडे गेलात तर तो आणखी कडक आहे. व्हल्गेट या लॅटिन बायबलात लूक ११:४ मध्ये सिकुत नाही, 'सीक्विदेम' आहे. त्याला मराठीत चपखल शब्द आहे : ज्याअर्थी. तुलना जाऊन कारणच आलं.

संत ऑगस्टीन बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना ही प्रार्थना समजावून सांगायचे. या जागेबद्दल ते म्हणतात की आपण इथे देवाशी करार करतो. आणि त्याच काळातला जॉन कॅसियन एक फार माणसासारखी गोष्ट नोंदवून ठेवतो. चर्चमध्ये सगळे मिळून ही प्रार्थना म्हणत असताना काही जण नेमकं हे गौण वाक्य आलं की गुपचूप गप्प बसतात, आपल्याच शब्दांत आपण अडकू नये म्हणून. पाचव्या शतकातली नोंद आहे ही!

ती वाचली तेव्हा मला माझे पप्पा दिसले. आमची केळीची वाडी होती, सामायिक. एका नातेवाइकाने सह्यांचा घोळ घालून ती बिल्डरला दिली. आता तिथे सात मजली इमारत आहे, आणि आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून तिच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तेव्हापासून रविवारी मिस्सेत ही प्रार्थना सुरू झाली की पप्पा खणखणीत आवाजात म्हणतात, आणि या एका वाक्यापाशी त्यांचे ओठ मिटतात. पुढच्या वाक्याला आवाज परत येतो. मला बरेच दिवस वाटायचं, खोकला आला असेल. एकदा विचारलंच. म्हणाले, "खोटं कशाला बोलू देवाशी?"

कॅसियन अशा लोकांवर नाराज आहे. वाक्य गाळून न्यायाधीश फसत नाही, असं त्याचं म्हणणं. मुद्दा बरोबर आहे, पण मला वाटतं त्याने त्यांना थोडं जास्तच झोडपलंय. जो माणूस इथे गप्प होतो त्याने निदान शब्द ऐकलेत. सिकुत आणि क्वासीमधला फरक पप्पांना लॅटिन न शिकता कळलाय.

तरी गप्प राहणं चालत नाही, आणि का चालत नाही ते आजच्या वाचनातच आहे. व्याकरणाच्या दृष्टीने गौण वाक्य काढून टाका, मुख्य वाक्याला काही होत नाही. "आमची ऋणं सोड" हे पूर्ण, शुद्ध वाक्य आहे. पण प्रार्थना संपल्या-संपल्या, चौदाव्या-पंधराव्या ओवीत, प्रभू एकाच मागणीवर परत येतो. भाकरीवर नाही, मोहावर नाही, राज्यावरही नाही. याच मागणीवर, आणि त्यातही तिच्या गौण भागावर. आपण जे गाळू बघतो, नेमकं त्यालाच तो मुख्य करतो.

आणि तिथे तो शब्द येतो ज्याची मला प्रार्थनेत भीती वाटत होती : 'सी', म्हणजे जर. प्रोग्रॅमर असल्यामुळे 'जर' दिसला की मी लगेच पुढची अट तपासतो. लॅटिनमध्ये इथे 'दिमिसेरितिस' आहे. पूर्ण भविष्यकाळ : तुमचं सोडून झालेलं असेल. मुख्य वाक्यातला 'दिमित्तेत', तो सोडेल, साधा भविष्यकाळ. म्हणजे क्रम स्पष्ट आहे, आधी हे, मग ते. यातून पळवाट काढणारी प्रवचनं मी ऐकली आहेत. मला ती पटत नाहीत. 'जर' म्हणजे 'जर'.

पण मग पप्पांसारख्यांनी काय करायचं? मला दोन गोष्टी दिसतात, आणि दोन्ही त्याच एका क्रियापदात आहेत.

एक, काळ. व्हल्गेटच्या काही जुन्या हस्तलिखितांत मत्तयमध्ये 'दिमिसिमुस' आहे, आम्ही सोडलं आहे. आपल्या बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतरातही क्रिया झालेली दाखवली आहे. पण मिस्सेत जे रूप रुळलं ते दिमित्तिमुस, वर्तमानकाळ. आणि लॅटिनमध्ये 'सोडतो' आणि 'सोडत आहोत' यांना वेगवेगळी रूपं नसतात. एकच शब्द दोन्ही बोलतो. एखाद्याची मूठ तीन वर्षांत करंगळीपुरती उघडली असेल, तरी त्याला हे रूप खोटं न बोलता वापरता येतं. मात्र करंगळी खरोखर हललेली हवी. उघडायचीच नाही असं ठरवून बसलेल्याला हे व्याकरण मदत करत नाही.

दुसरं, शेवटचा 'मुस'. आम्ही. या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. आमचा पिता, आमची भाकरी, आमची ऋणं. गौण वाक्यातही सोडणारा एकटा नाही. एकाचा आवाज बसला तर शेजारचे वाक्य पुढे नेतात, म्हणून तर ती एकत्र म्हणायची असते. पप्पांना मी हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "मग त्या 'आम्ही'मध्ये तोपण येतो का?" तो म्हणजे तो नातेवाईक. तो आमच्याच चर्चमध्ये, डावीकडच्या बाकांवर बसतो.

मी म्हणालो, येतो. लॅटिनमध्येही येतो आणि मराठीतही.

या रविवारी काय झालं ते सांगत नाही, ते पप्पांचं आणि देवाचं आहे. तुम्ही आज रात्री प्रार्थना म्हणाल तेव्हा 'जशी' या शब्दापाशी एक श्वास थांबा आणि कुणाचं नाव येतंय ते बघा. मराठीत 'जशी' आधी येतं आणि 'तशी' नंतर, त्यामुळे आपल्याला मागण्याआधीच ते नाव ओलांडावं लागतं. लॅटिन बोलणाऱ्यांना निदान आधी मागून घेता यायचं.

उद्या योना, आणि निनवेकर.