रातपाळी

आमच्या सूतगिरणीत पाळ्या तीन. पहिली, दुसरी आणि रातपाळी. लहानपणी घरात बायका कुजबुजायच्या, "तिची पाळी आलीय", तेव्हा मला वाटायचं, ही बाई पण आता कामावर निघाली. शब्द एकच. एक मी गेटवर ओरडून सांगतो, आणि दुसरा लिहिताना आत्ता हात अडतोय. तो का अडतो, त्यावरच हे लिहितोय. बाप्यानं असलं लिहावं का, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

माझी ताई नर्स आहे. एका खाजगी दवाखान्यात. बारा तासांची रात, तीसेक पेशंट, दोघी सिस्टर. तिला अंगावरून फार जातं. फार म्हणजे किती? डॉक्टरी पुस्तकं म्हणतात, एका पाळीत साधारण 30-40 मिलिलिटर रक्त जातं, 80 च्या वर गेलं तर ते जास्त. पण मापाचं भांडं घेऊन कोण बसतंय? खुणा साध्या आहेत. तास-दोन तासांत पॅड भिजणं, रक्ताच्या गाठी पडणं, सात दिवसांच्या वर चालणं. ताईला हे सगळं होत होतं. आणि हे सगळं तिला ठाऊकही होतं, वॉर्डातल्या बायकांना तीच समजावून सांगते.

ती हे कसं निभावत होती ते मला मागच्या वर्षी कळलं. पॅडवर पॅड. पिशवीत जादा युनिफॉर्म. संध्याकाळपासून पाणी कमी प्यायचं, म्हणजे निदान लघवीसाठी तरी वॉर्ड सोडावा लागू नये. सलाईन लावायला वाकायचं तर भिंतीकडं पाठ करून, कारण युनिफॉर्म पांढरा. पहाटे चारला बेसिनमध्ये गार पाण्यानं डाग धुवायचा, गरम पाण्यानं रक्त पक्कं बसतं, आणि तो कपडा ओलाच अंगावर वाळवायचा. रात्रभर ती लोकांचं रक्त पुसते. रक्ताची पिशवी दोघींनी नंबर तपासून पेशंटला लावतात, वेळ लिहितात, सही करतात. तिचं स्वतःचं जात होतं त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

एका रात्री ती औषधांच्या ट्रॉलीपाशी पडली. हिमोग्लोबिन निघालं 6.8. बाईला निदान 12 पाहिजे.

मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुला? तू भाऊ. आणि तिथं सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, ह्यांना कामच नको असतं." मी म्हटलं, ह्यांना म्हणजे कुणाला, बायकांना का आपल्या लोकांना? म्हणाली, "दोन्ही."

आता माझी गोष्ट. त्याच्या आदल्या 25 डिसेंबरला मी वस्तीत मनुस्मृती दहनावर भाषण ठोकलं होतं. 1927, महाड, सगळं तोंडपाठ. ताई विहाराच्या बाहेर पायरीवर बसली होती. मला वाटलं रातपाळी करून आलीय, दमली असेल. नंतर कळलं, आईनंच सांगितलं होतं, आज वंदनेला पुढं येऊ नको. मी आत पुस्तक जाळत होतो आणि त्याच पुस्तकाचं एक पान माझ्या बहिणीला बाहेर बसवून होतं.

पान कुठलं तेही बघा. पाचवा अध्याय, श्लोक 85. कुणाला शिवलं तर आंघोळ करावी, त्याची यादी. चांडाळ, पाळीतली बाई, पतित, बाळंतीण, प्रेत, आणि प्रेताला शिवलेला माणूस. नर्सच्या एका रात्रीतलं जवळजवळ सगळं त्यात आलं की! मनूनं आपल्याला आणि तिला एकाच ओळीत उभं केलं. आपण आपलं नाव खोडलं आणि तिचं तसंच ठेवलं. कावळा शिवला म्हणतात, शिवू नको म्हणतात. हे शिवणं आपल्याला नवीन आहे काय? 2018 साली शबरीमलाच्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी पाळीच्या विटाळाला घटनेच्या 17 व्या कलमाशी, म्हणजे अस्पृश्यतेशी जोडलं. दुसऱ्या न्यायमूर्तींना ते पटलं नाही, आणि 2019 साली हा वाद मोठ्या पीठाकडं गेला. पण आपल्याला हे पटायला कोर्ट कशाला लागतं? बुद्धाच्या भिक्खुणी संघात तर पाळीतल्या भिक्खुणीसाठी सामायिक कापड ठेवलेलं असे. वापरावं, धुवावं, दुसरीसाठी परत ठेवावं. आपलं वापरून झाल्यावरही जी ते धरून ठेवील तिचा दोष. रक्ताचा दोष नाही.

काही शहाणे म्हणतात, बाजूला बसणं चांगलंच होतं, बाईला चार दिवस विश्रांती मिळायची. कुठल्या बाईला? आमच्या आज्ज्या ते चारही दिवस बांधावर खुरपत होत्या. मालकाच्या ज्वारीला तो विटाळ चालायचा, चुलीला चालत नव्हता. बसवणं वेगळं आणि बसायला मिळणं वेगळं. पहिल्यात दुसरा ठरवतो. दुसऱ्यात तिची तीच ठरवते, आणि उठून परत आपल्या जागेवर येते, जागा गेलेली नसते.

उलट बाजूचा प्रश्न मला जास्त छळतो. पाळीची सुट्टी मागितली की बाई दुबळी ठरते, मालक मग बायकांना घेणारच नाहीत, असं म्हणतात. 2024 साली सुप्रीम कोर्टानंही ही भीती बोलून दाखवली. भीती खोटी नाही, मालक तसा असतोच. पण सवलत घेतली की माणूस कमी ठरतो, हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? राखीव जागेवर आलेल्या प्रत्येक पोराला विचारा. साचा तेलपाण्यासाठी बंद ठेवतात तेव्हा साचा हलका आहे असं कुणी म्हणत नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू घेतली. ही विश्रांती देशाच्याच हिताची आहे, आणि बाईच्या कामाचा फायदा घेणाऱ्या मालकाला भार पूर्ण टाळता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 ला कायदा झाला. बिहार सरकारनं आपल्या नोकरीतल्या बायकांना पाळीसाठी महिन्याला दोन दिवस 1992 पासून दिले. तिथली सरकारी कचेरी काही बंद पडली नाही.

आणि न दिल्यावर काय होतं ते बीडमध्ये दिसलं. 2019 च्या सरकारी पाहणीत ऊसतोड करणाऱ्या 82 हजार बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. म्हणून दुखणारा अवयवच काढून टाकायचा. ताईलाही एकानं हाच सल्ला दिला होता. ती एकतिशीची आहे. दुसऱ्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली, गर्भाशयात फायब्रॉईडची गाठ निघाली. आता लोहाच्या गोळ्या आणि पाळीत रक्त कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या चालू आहेत. हिमोग्लोबिन 9.5 वर आलंय. इतकी वर्षं याच गोळ्या ती दुसऱ्यांना वाटत होती.

पॅड मीच आणतो. रोज कापसाच्या धुरळ्यात उभा असतो, पण दुकानदारानं पुडा काळ्या पिशवीत घातला तेव्हा पहिल्यांदा मी बाहेर काढून ठेवला नाही. दुसऱ्यांदा ठेवला.

गेल्या महिन्यात तिनं दवाखान्यात अर्ज द्यायचं ठरवलं. वॉर्डात बसायला स्टूल, रात्री दोनदा दहा मिनिटं सुटका, आणि पाळीच्या पहिल्या दोन रात्री ड्युटी बदलून मिळावी. लिहायला माझ्याकडं आली, भाऊ कवी ना. मी सुरुवात केली, "प्रकृतीच्या कारणास्तव..." तिनं पेन माझ्या हातातून घेतलं, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, "मला पाळीत जास्त रक्तस्राव होतो."

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.