पोट बिघडलंय की घाबरलोय?

गेल्या पावसाळ्यात दर रविवारी रात्री माझं पोट बिघडायचं. बाहेरचं खाणं बंद केलं, चहा कमी केला, ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनी विचारलं, "कसलं टेन्शन आहे का?" मी म्हणालो, "छे, काहीच नाही." मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच काही वाटत नव्हतं, फक्त पोट दुखत होतं.

अशाच एका रविवारी आईचा फोन आला. "जेवलास का?" एवढंच तिनं विचारलं आणि मी तिच्यावर खेकसलो. "बरं, ठेवते," म्हणाली. पुढचे चार दिवस तिचा फोन नाही. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, तू घाबरलायस." ऑफिसातलं माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि दर सोमवारी सकाळी मीटिंग असायची. तिला लांबून दिसलं ते मला का दिसू नये?

याला एक शब्द आहे, ॲलेक्सिथायमिया. पीटर सिफनिऑस या मनोविकारतज्ज्ञानं १९७३च्या सुमारास ग्रीक शब्दांतून तो घडवला. अर्थ साधारण 'भावनेला शब्द नसणे'. त्याचे काही रुग्ण शरीराच्या तक्रारी भरभरून सांगत, पण 'वाटतं काय?' म्हटलं की अडखळत. हा आजार नव्हे, स्वभावाचा एक पैलू मानतात. कमीजास्त प्रमाणात तो अनेकांत असतो. मी स्वतःवर तो शिक्का मारणार नाही. (रील्स बघून स्वतःचं निदान करणारे आधीच पुष्कळ आहेत.)

मराठीत शब्दांचा तोटा नाही: धाकधूक, हुरहुर, घालमेल, तगमग, धास्ती. माझ्या तोंडी मात्र दोनच, 'टेन्शन' आणि 'बोअर'. आमच्या घरात मुलग्यानं रागावलेलं चालायचं, घाबरलेलं नाही. त्यामुळे भीती आली तरी ती रागाच्याच दारातून बाहेर पडायची.

मग प्रश्न असा की, जी भीती मला माहीतच नव्हती, तिच्यापायी मी आईला दुखावलं, तर दोष माझा किती? ॲरिस्टॉटल 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये अजाणतेपणी घडलेल्या गोष्टी वेगळ्या काढतो. पण तोच दारू प्यायलेल्याचं उदाहरणही देतो: नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा, कारण न पिणं त्याच्या हातात होतं. मी कुठे बसतो? पहिल्या रविवारी बहुतेक अजाणत्यांत. सातव्या रविवारी नाही. तोच दिवस, तीच वेळ, तेच पोट, आणि मी कॅलेंडर सोडून गोळ्यांचं पाकीट बघत होतो. कळणं कदाचित माझ्या हातात नव्हतं, पण स्वतःला एकदा विचारणं तर होतं.

शेवटी आईला फोन केला. "त्या दिवशी मी घाबरलो होतो गं," एवढं म्हणण्याआधी पाच मिनिटं पावसावर बोललो. ती जरा थांबली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांचंही पोट बिघडायचं. महिनाअखेरीला."

कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांनी वाढलंय. पोट अजून अधूनमधून दुखतं.