दोरीचे मागचे टोक
पायांत स्की बांधायच्या आणि बर्फावरून घोड्याने आपल्याला ओढायचे, या खेळाचे नाव स्कीजोरिंग. १९२८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सेंट मॉरिट्झच्या गोठलेल्या तळ्यावर तो प्रात्यक्षिक म्हणून झाला. तिथे घोड्यावर कुणी नसते. लगाम मागच्याच्या हाती. अमेरिकेत लेडव्हिलला १९४९ पासून भर रस्त्यात शर्यत होते. तिथे एक जण पाठीवर, दुसरा दोरीला! म्हणजे मौज दोघांची, घाम तिसऱ्याचा.

घोड्याला विचारले कुणी? तो बोलत नाही, म्हणजे कबूल! ‘मौन म्हणजे संमती’ हे ज्याने काढले, तो दोरीच्या मागच्या टोकाला असणार बुवा. खरे तर दमलेला घोडा पाय रोवतो, तेच त्याचे ‘नाही’. ते ऐकून जो दोरी सोडतो, त्याच्या मौजेला माझी हरकत नाही.